दुसरं सूप

हवालदारांच्या मांडीवर नेहमी एक सूप असायचं आणि दुसरं भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं. कुणी दारात आलं की ते "या, बसा" म्हणायचे, भिंतीचं सूप ओढून त्याच्यापुढे ठेवायचे, त्यात दोन ओंजळी तांदूळ टाकायचे आणि सांगायचे, "बोलायचं आसंल तर बोला. न्हाईतर निवडा." मग मान खाली घालून आपल्या सुपातले खडे वेचू लागायचे. समोरच्याकडे बघायचे नाहीत. त्याला काय होतंय हे विचारायचेही नाहीत. आलेला माणूस थोडा वेळ अवघडून बसायचा. मग त्याची बोटं नकळत तांदळात जायची, आणि बोटं तांदळात गेली की हळूहळू तो बोलू लागायचा.

"हात गुतला की जीब सुटती," असं हवालदार म्हणायचे.

दारावर पाटी होती : धोंडिबा रेणुसे, एम. ए., मानसशास्त्रज्ञ. भोरमध्ये त्या काळी डॉक्टर होते, वैद्य होते, अंगारा देणारे होते. पण मानसशास्त्रज्ञ हा काय प्रकार आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे बंडोपंत वकील म्हणायचे, "हा नाडी बघत नाही, पुडी देत नाही, मंत्र म्हणत नाही. गावाकडून स्वतःच्याच तांदळाचं पोतं उचलून आणतो आणि भोरच्या लोकांकडून निवडून घेतो. धंदा झकास आहे!" आम्ही हसायचो. पाटीवरचं नाव कुणी घेत नसे. सगळे त्यांना हवालदारच म्हणत.

या माणसाला मी फितूर ठरवलं. नुसतं मनात ठरवलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण मी दोन तालुक्यांत ते पक्कं करून सोडलं. आजही वेल्ह्याकडच्या काही म्हाताऱ्यांच्या तोंडी त्यांचं नाव निघालं की मागोमाग तो शब्द येतो. तो पुसावा म्हणून मी लिहायला बसलो आहे. आजवर का लिहिलं नाही, तेही पुढे येईलच.

ते मूळचे पासलीचे, भात लावणाऱ्या घरातले. पहिल्या महायुद्धात पलटणीत गेले, इराकात बसऱ्याकडे लढले, हवालदार झाले आणि पाठीत गोळी लागून इस्पितळात पडले. तिथल्या एका गोऱ्या डॉक्टरकडे वेगळेच शिपाई यायचे. अंगाला कुठे खरचटलेलं नाही, पण वाचा गेलेली. जखम नाही, पण हात थरथरायचे थांबत नाहीत. मराठी शिपाई काय म्हणतो ते डॉक्टरला सांगायला कुणीतरी हवं होतं. हवालदारांना पलटणीत राहून इंग्रजी समजू लागलं होतं. "दोगांच्या मदी उभा ऱ्हाऊन माजं डोस्कं चालाय लागलं," ते म्हणायचे. परत आल्यावर या गृहस्थांनी पुण्यात पोरासोरांच्या बाकावर बसून मॅट्रिक केलं, कॉलेज केलं, एम.ए. केलं. काही वर्षं वेड्यांच्या इस्पितळात नोकरी केली आणि मग भोरला नदीकडच्या आळीत दोन खोल्या घेऊन राहिले. लग्न केलं नाही.

एवढं शिकूनही बोलणं मात्र पासलीचंच. मी इंग्रजी शाळेतला मास्तर, मला ते सोंग वाटायचं. एकदा विचारलंच, "हवालदार, एम.ए. झालात, मग अजून 'न्हाई' का म्हणता?"

"मास्तर, येनारा मानूस 'न्हाई' म्हनतो. म्या 'नाही' म्हनलं की त्यो गप बसंल. मंग माजी यम्ये काय चुलीत घालू?"

हे उत्तर मला पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त खुपलं. ज्याला प्रत्येक गोष्टीचं पटणारं उत्तर देता येतं तो माणूस सरळ नसतो, असं मला तेव्हा वाटायचं.

गावाला त्यांच्याविषयी संशय होता आणि त्याला खाद्यही भरपूर होतं. त्यांना विलायतेचं तिकीट लावलेली पत्रं यायची. सरकारी पेन्शन यायचं. दर शनिवारी ते पाठीवर मोकळं पोतं टाकून डोंगरवाटेनं निघायचे आणि सोमवारी भरलेलं पोतं घेऊन परत यायचे. पण सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्या पाठीवरचा वण. नदीवर आंघोळीला उतरले की डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली तो दिसायचा. तो हात त्यांना खांद्याच्या वर नेता येत नसे. लढाईतून आलेल्या माणसाला गोळी छातीत लागायला हवी, पाठीत लागते ती पळणाऱ्याला, हे आमचं युद्धशास्त्र. कुणी आडून विचारलं तर ते म्हणायचे, "लागली कुनाची तरी." पुढे काही नाही.

आणि तरीही लोक त्यांच्याकडे जात. कबूल करायला नको वाटायचं, पण माणसं बरी होत. बाजारपेठेतल्या एका कासाराच्या सुनेच्या अंगात यायचं. सगळे उपाय थकल्यावर सासू तिला घेऊन हवालदारांकडे आली. हवालदारांनी सुनेला खिडकीपाशी नुसतं बसू दिलं आणि सूप ठेवलं सासूपुढे. सासू भडकली. "दुखनं हिला, आनि मी कशापायी निवडू?"

"तुमचे डोळे बरे हायती म्हनून, आक्का. तिला खडं दिसायचे न्हाईत."

आठवडाभर रोज सासू तांदूळ निवडायला येत होती. पुढे एक दिवस सुपात तोंड घालून हमसाहमशी रडली म्हणतात. काय बोलली ते त्या तिघांनाच ठाऊक. पण सुनेच्या अंगात यायचं थांबलं. मी हवालदारांना म्हटलं, "काय केलंत तरी काय?" ते म्हणाले, "म्या काय करनार? दुखनं सुनंला हुतं, खडा सासूच्या सुपात निगाला." आणि सासू काय बोलली असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला. "ज्येचं दुखनं त्येचं गुपित, मास्तर," ते एवढंच म्हणाले.

मग बेचाळीस साल आलं.

शंकर माझा लहानपणापासूनचा मित्र, माझ्याच शाळेत गणित शिकवायचा. सारोळ्याच्या बाजूला सडकेवरच्या तारा तोडल्या गेल्या त्यात तो होता. त्याच्या नावानं वॉरंट निघालं आणि आम्ही त्याला डोंगरात लपवला. पाली गावाच्या वर, राजगडाच्या पोटाला, धनगरांची एक वस्ती होती. तिथे यसूआजी नावाच्या म्हातारीच्या खोपटात तो राहिला. ही जागा भोरमध्ये मला आणि बंडोपंतांना, एवढ्या दोघांनाच माहीत होती.

त्या दिवसांत प्रत्येक माणूस आम्हाला पोलिसांचा वाटायचा. पानवाला जास्त वेळ चुना लावत बसला तरी आम्ही त्याच्या बोटांकडे बघायचो. अशा वेळी बंडोपंत म्हणाले, "मास्तर, त्या हवालदाराचं काय? पेन्शन सरकारचं, पत्रं साहेबाची, आणि दर शनिवारी पालीवरूनच पासलीला जातो. सगळं गाव जाऊन त्याच्यापुढे मन मोकळं करतं. सरकारला याहून सोयीचा माणूस मिळेल का?"

"मग काय करायचं?"

"तुम्ही जा. झोप येत नाही म्हणा. त्याला रोगी लागतात, तुम्ही रोगी व्हा."

मी गेलो. सूप पुढे आलं. मी म्हटलं, "हवालदार, मला हल्ली झोप येत नाही."

"कवापास्नं?"

"महिना झाला असेल." आणि हे म्हणता म्हणता मला मोठी जांभई आली.

हवालदारांनी मान वर केली नाही. "बेस," ते म्हणाले. "निवडा."

त्यांनी मला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. तरीही ते मला दर वेळी बसवून घेत आणि मीही जात राहिलो. चमत्कार असा की हेरगिरी करायला गेलेला मी तिथे खरंच बोलू लागलो. वडिलांचं माझ्याशी कधी न बोलणं, शाळेत हेडमास्तरांपुढे माझी होणारी गाळण, तारा तोडायला शंकर गेला आणि मी तापाचं निमित्त करून घरी राहिलो त्याची बोच. ही शेवटची गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. परत जाताना मला हलकं वाटायचं, आणि घरी पोचेपर्यंत त्या हलकेपणाचीच भीती वाटू लागायची. हा माणूस आपल्याकडून एवढं काढून घेतो, ते जातं कुठे?

एक दिवस बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, "माझा एक मित्र आहे. तो सध्या जिथे आहे..."

हवालदारांनी हात पुढे करून माझ्या सुपावर आडवा ठेवला. "हितं थांबा. ह्यो खडा माज्या सुपात टाकू नगा."

मी हे बंडोपंतांना सांगितलं. ते ताडकन म्हणाले, "बघा! ज्याला माहिती हवी असते तो ऐकून घेतो. जो थांबवतो त्याला ती आधीच मिळालेली असते."

पुढच्या शनिवारी मी अंतर ठेवून त्यांच्या मागे निघालो. भर दुपार होती. पालीच्या अलीकडे वेल्ह्याची वाट सोडून हवालदार उजवीकडे वळले आणि धनगरवस्तीची चढण चढू लागले. पाठीवरच्या पोत्याबरोबर काखेत दोन सुपं होती. मी ओढ्यापाशी करवंदीच्या जाळीआड बसून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिलो. बंडोपंतांचं म्हणणं खरं निघालं होतं.

शंकरची जागा बदलायची असं आम्ही ठरवलं. ठरवण्यातच दिवस गेले. आम्ही दोघेही बोलण्यात शूर होतो. तेवढ्यात बातमी आली की शंकर वेल्ह्याच्या ठाण्यात आहे. त्याला दोरी लावून भोरच्या बाजारातून नेला. लोक दुतर्फा उभे होते. कुणी घोषणा दिली. शंकरनं मान वर केली नाही. माझ्याकडे तर त्यानं पाहिलंच नाही, आणि ते मला त्याच्या निश्चयाचं लक्षण वाटलं.

आम्ही हवालदारांकडे गेलो. त्यांनी नेहमीसारखं सूप पुढे केलं, ते बंडोपंतांनी पायानं बाजूला सारलं.

"शंकर कुठे होता हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"तुम्ही तिथे जात होतात?"

"व्हय, जात हुतो."

"कशाला?"

हवालदार आपल्या सुपातले खडे वेचत राहिले.

"मग तो पोलिसांच्या हाती कसा लागला?"

त्यांनी पायानं सारलेलं सूप उचलून भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "मला ठावं हाय. पर सांगता यायचं न्हाई."

"का?" मी ओरडलो.

"त्ये माजं न्हाई, मास्तर. दुसऱ्याचं हाय."

याहून मोठा कबुलीजबाब कुठला असतो! भोरमध्ये तेवढं पुरलं. त्यांच्या पाटीला शेण फासलं गेलं, जाणारी माणसं जायची थांबली. पण डोंगरातल्या लोकांना आमचं म्हणणं पुरेना. यसूआजी सांगत होती, "यायचे व्हय हवालदार. पोरापाशी बसून तांदूळ निवडायचे. त्येंनी कवा वंगाळ केलं न्हाई." पालीच्या लोकांनी ठरवलं की देवीला कौल लावायचा.

कौल म्हणजे काय ते माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मुलीची सोयरीक असो की बांधाची भांडणं, त्या बाजूला अजूनही असंच ठरतं. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण एकदा कौल झाला की ती माणसं दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणून मी गेलो.

विठू गुरवानं पाकळ्या लावल्या, हात जोडले. "आई, पासलीच्या धोंडिबानं फितुरी केली आसंल तर उजवी दे. न्हाई आसंल तर डावी दे." देऊळ गच्च भरलं होतं, पण कुणी खोकत नव्हतं. थोड्या वेळानं पाकळी पडली. डावी.

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. यसूआजीनं तर देवीला दंडवतच घातलं. मला ते सहन झालं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "दारातून वारा येतोय. डाव्या अंगाला वारा लागतो. दार लावून पुन्हा विचारा."

विठू माझ्याकडे वळला. "मास्तर, पुन्ना इच्चारायचं नसतं."

"का नसतं?"

"पयल्यांदा आई तिच्या मनातलं सांगती. पुन्ना इच्चारलं की ती आपल्या मनातलं सांगती."

"विठू, तुझी पासलीला सोयरीक आहे ना?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

विठूचा चेहरा उतरला. आता तो पुन्हा विचारायला नाही म्हणाला असता तर तोही फितूर ठरला असता. त्यानं दार लावायला सांगितलं आणि पाकळ्या पुन्हा लावल्या. उजवी पाण्यानं जरा जास्तच जड झालेली मला दिसत होती. ती पडली, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हात जोडले.

हवालदार भोर सोडून पासलीला गेले. पण कौल त्यांच्या आधी तिथे पोचला होता. त्या भागात भाताची लावणी एकट्यादुकट्याचं काम नाही. आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या, अशी सगळी माणसं इर्जिकीनं लावतात. त्या पावसाळ्यात हवालदारांच्या खाचरात कुणी आलं नाही. आखडलेला खांदा घेऊन ते एकटेच वाकून रोपं लावत होते, असं बाजारात आलेल्या एका पासलीकरानं सांगितलं. मला ते ऐकून बरं वाटलं. हे वाक्य लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

शंकर सुटून आला तेव्हा आम्ही त्याची मिरवणूक काढली. हार घालताना त्यानं मला विचारलं, "हवालदार कुठे आहेत?" मी अभिमानानं सगळं सांगितलं, कौलासकट. तो पुढे बघून चालू लागला. मला वाटलं, थकला असेल.

बरेच महिने तो काहीच बोलला नाही. मग एका दुपारी माझ्याकडे आला होता. बायको ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. शंकर तिच्या हातांकडे बघत राहिला, म्हणाला, "वहिनी, इकडे द्या." सूप मांडीवर घेऊन तो खडे वेचू लागला. ती चहा करायला आत गेली, आणि शंकर खाली बघतच म्हणाला, "मला कुणी धरलं नाही. मी चालत गेलो होतो."

मला समजेना.

"डोंगरात माझं डोकं फिरत चाललं होतं. पान वाजलं की पोलीस. यसूआजी भाकरीत विष घालते असं वाटायचं. मी जेवायचा थांबलो. एकदा कोयता घेऊन तिच्या अंगावर गेलो. तेव्हा तीच रडत हवालदारांच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. ते आले. दर शनिवारी येऊन बसायचे. आधी भाकरी स्वतः खाऊन दाखवायचे, मग मला द्यायचे. त्यांच्यामुळे मी माणसात राहिलो. पण लपून राहणं मला झेपेना. ते म्हणाले, 'तुमी ऱ्हावा, न्हाईतर खाली जावा. कायबी करा, आपल्या पायानं करा. म्या कुनाला सांगनार न्हाई.' एका सकाळी मी उठलो आणि ठाण्यात जाऊन उभा राहिलो."

"आणि तू हे इतके दिवस..."

"हार कोण काढून ठेवतो रे?" शंकर म्हणाला. त्याची बोटं सुपात तशीच फिरत होती.

पुढच्या रविवारी मी पासलीला निघालो. आमचा संशय खोटा असता तर बरं झालं असतं. तो शब्दाशब्दानं खरा होता. हवालदार वस्तीवर जात होते, त्यांना सगळं माहीत होतं, त्यांनी लपवलंही होतं. एवढं सगळं खरं असून माणूस निर्दोष असू शकतो, हे कुठल्या शाळेत शिकवतात? वाटभर दुसराच विचार मला पोखरत होता. ते माझ्यापुढे सूप ठेवतील का?

हवालदार अंगणात बसले होते. खूप वाळले होते. मांडीवर सूप होतं. मी दुसऱ्या सुपासाठी भिंतीकडे पाहिलं. भिंत मोकळी होती.

"या मास्तर, बसा. झोप येती का आता?"

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय आखडून घेतले. "शंकरनं सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"हो. हवालदार, तुम्ही एक शब्द बोलला असतात..."

"तर तुमी त्येच्या तोंडाला शेन फासलं आसतं. पाटी पुसता येती."

मी रडत होतो. कौलाचं सांगितलं, दाराचं, वाऱ्याचं, विठूला घातलेल्या भीतीचं. ते ऐकत राहिले. मग आपण होऊन, कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली.

"माज्या पाठीत गोळी लागली ती दुस्मानाची न्हवं. आमच्याच पहाऱ्यावरच्या संत्र्याची. दिवस कलला हुता, पोरांना पानी न्हवतं. म्या पखाल घेऊन लायनीच्या म्होरं उतारावर गेलो. जाताना जुन्या संत्र्याला सांगितलं, नव्याला सांगाय इसरलो. त्यानं म्होरं हालताना बगितलं, झाडली. त्यो आमच्याच खोऱ्यातला, माज्या संगट भरती झाल्याला. म्या हाय म्हनून कळलं तवा त्येची वाचाच गेली. इस्पितळात ह्या खाटंवर म्या, त्या खाटंवर त्यो. गोऱ्या डाक्टरनं लई उपाव केले. एक दिस म्या भटारखान्यातनं तांदूळ आनलं, सूप मिळंना तर पत्र्याची ताटं घेतली. एक त्येला दिलं. निवडता निवडता त्यो बोलला."

"काय बोलला?"

"ज्येचं दुखनं त्येचं गुपित, मास्तर." ते हसले. "संत्र्यावर राग धरून काय हुतं? अंधार पडाय लागला की समद्या सावल्या दुस्मानाच्याच. पर म्या दोन डाव तीच चूक केली बगा. तवाबी न सांगता म्होरं गेलो आनि आताबी. म्हनून दोनी डाव पाठीत."

मी म्हटलं, "मी पालीला जातो. देवळात उभा राहून सगळ्यांना सांगतो."

"न्हाई. तुमी माजं नाव धुवाय जाल, शंकरचं निगंल. त्यो आत्ता कुटं जेवाय लागलाय. त्यो सांगंल तवा सांगा."

"मग मी काय करू?"

"निवडा," ते म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आलं. "दुसरं सूप उंदरांनी कुरतडलं. कोन येत न्हवतं, म्हनून नवं इनून घेतलं न्हाई." असं म्हणत ते सरकत माझ्या शेजारी आले आणि आपलंच सूप त्यांनी अर्धं त्यांच्या आणि अर्धं माझ्या गुडघ्यावर टेकवलं. संध्याकाळपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.

भोर संस्थान विलीन झालं त्याच्या मागेपुढे हवालदार गेले. निरोप मिळाला तसा मी पासली गाठली. माणसं थोडी होती. पालीहून फक्त विठू गुरव आला होता. काठीवर टेकून उभा होता. परतताना वाटेत तो माझ्याबरोबर चालू लागला आणि ओढ्यापाशी थांबून म्हणाला, "मास्तर, आता तर मानूस गेला. एक सांगा. त्यो पयला कौल खरा, का दुसरा? म्या देवीपाशी दोनी लावल्यात. मला रोज तिला हात लावावा लागतो."

शंकर जिवंत होता. मी हवालदारांना शब्द दिला होता. मी मान खाली घातली, आणि विठू पालीच्या वाटेला लागला. त्यानं काय अर्थ घेतला असेल तो घेतला असेल.

गेल्या वर्षी शंकर वारला. जायच्या आधी मला जवळ बोलावून म्हणाला, "आता लिही. माझं नाव घालून लिही." त्यामुळे आज मी मोकळा आहे. विठू अजून आहे. थकला आहे, पण त्याचा नातू त्याला वाचून दाखवतो असं ऐकतो. म्हणून ओढ्यापाशी द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देतो.

विठू, पहिला.